मोजदाद

बंद पडलेल्या गिरणीच्या मागे, एप्रिलचा दुसरा रविवार.
आर्डिस आम्हाला मोजते. अकरा.
एकतीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली,
माणसं दिसली की तिचं बोट आपसूक हवेत उठतं.
"इथून कालवा जायचा," ती म्हणते.
आम्ही बघतो. सोयाबीनचं मोकळं रान, ओहायोतलं कुठलंही.
"रान नका बघू, ओल बघा."
मग दिसते ती, नांगरटीच्या मधोमध
उत्तरेकडे निघालेली काळसर, सरळ रेघ.
शंभर वर्षांपूर्वी बुजवली,
बर्फ वितळलं की अजून वर झिरपते.

पुढे झाडी. डावीकडे पात्र, उजवीकडे बांध,
बांधावर खेचरांची वाट, आता आमची.
पात्रात घोटाभर पाणी, पाण्यावर हिरवी साय,
आणि नावा तरंगायच्या तिथं सिकॅमोर उभे,
सालपटं टाकून पांढरेफटक,
कुणी कपडे काढून पाण्यात उतरावं
आणि पाणीच निघून जावं, तसे.

"रक्तमुळी," आर्डिस वाकते.
पांढरं फूल, चार दिवसांचं पाहुणं.
देठ मोडला तर लाल चीक येतो.
"मोडून बघू नका. मी सांगते ना."
एक मुलगा मोडतोच, बोट खिशात लपवतो.
तिला दिसतं. ती बोलत नाही.
आरशातून मागं बघायची जुनी सवय.

मग खणणाऱ्यांची गोष्ट. आयर्लंडहून आलेले,
रोज तीस सेंट, आणि हिवतापावर उतारा म्हणून
मापानं दारू, दिवसातून चार वेळा.
दलदल अशी, की फावडं उचलावं
तोवर खड्डा पुन्हा भरलेला.
"मैलामागे एक मेला म्हणतात.
पण म्हणतातच. कुणी मोजले नाहीत."
हे सांगताना तिचा आवाज चढतो,
मुलं न मोजताच कुणी बस सोडावी, तसा.

तिसऱ्या लॉकपाशी आम्ही बसतो, सँडविच खातो.
नाव चढवायची उतरवायची दगडी पेटी,
दरवाजे गेलेले, आत नेचे आणि एक टायर.
उठून पाव मैल गेल्यावर ती मोजते.
दहा.
परत मोजते. दहा.
आम्ही सगळे मागं पळतो, खरं तर ती पळते,
सत्तरीला टेकलेली बाई, रबरी बुटांत.

मर्ल हॉलोपीटर लॉकच्या काठावर गुडघे टेकून.
सकाळपासून अवाक्षर बोलला नव्हता.
दोर घासून घासून दगडाला पडलेली घळ,
तिच्यात त्याचं बोट, दुसऱ्या पेरापर्यंत.
"माझा आजा नऊ वर्षांचा होता," तो म्हणतो,
वर न बघता.
"रात्रपाळीला खेचरांमागे. म्हणायचा,
शेपटी धरून चालत चालत झोपायचो.
आम्ही जेवताना हसायचो.
एकदा तर मी त्याची नक्कल केली."

आर्डिसकडे याला माहिती नव्हती.
ती कशीबशी खाली बसली, गुडघा कडकन वाजला,
शेजारच्या घळीत तिनं आपलं बोट घातलं.
मग त्या मुलानं, खिशातून काढून, लाल झालेलं.
बेडूक आमच्या पळण्यानं गप्प झाले होते,
ते एकेक करून पुन्हा सुरू झाले.

परतीच्या वाटेवर तिनं एकाही फुलाचं नाव सांगितलं नाही.
निळा बगळा उडाला, तोही तसाच जाऊ दिला.

गिरणीमागे पुन्हा अकरा.
मुलगा तिच्या गाडीच्या खिडकीशी गेला.
"खेचरांना नावं होती?"
"होती की," ती म्हणाली. "कंपनीच्या वहीत आहेत.
जूनो, पर्ल, म्हातारी टॅफी.
किंमतीसकट."